चार फेरे सैल

१९८४ च्या मार्च महिन्यात मुलुंडच्या डॉक्टर क्षमा गुप्ते यांनी भर दुपारी आपली गाडी उलटी चालवत मुलुंड कॉलनीचा चढ चढवली. तो प्रसंग पाहिलेली माणसं अजूनही अधूनमधून भेटतात, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तो चढ थोडा थोडा वाढत जातो.

झालं होतं ते असं. कॉलनीतल्या एका घरातून निरोप आला की पोराला आकडी आली आहे. क्षमाबाईंनी बॅग उचलली आणि गाडी काढली. पाच रस्त्यापासून निम्म्या वाटेपर्यंत गाडी नीट गेली. चढ लागल्यावर मात्र इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. अॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढायचा, गाडी जागची हलायची नाही. मग ती हळूच मागे घरंगळायला लागली. बाईंनी ब्रेक दाबला, गिअरचा दांडा वरखाली करून पाहिला. पुढचा गिअर पडूनही पडत नव्हता. रिव्हर्स टाकला, तर गाडी हिसका देऊन मागे आली.

त्यांनी क्षणभर विचार केला, गाडी रस्त्यातच वळवून तिचं तोंड खाली आणि पाठ चढाकडे केली, मान मागे वळवली आणि उलट्या निघाल्या. सायकलवाले थांबले. एका भाजीवालीने हातगाडी बाजूला ओढून घेतली. नाक्यावरच्या हवालदाराने आधी शिट्टी मारायला तोंडाला लावली, मग आत कोण आहे ते पाहून बाकीच्यांनाच हात दाखवून थांबवलं. बाई वेळेवर पोचल्या, पोराची आकडी उतरली.

नंतर कोणीतरी विचारलं, "बाई, रिक्षा का नाही केलीत?"

"सुचलंच नाही मला," त्या म्हणाल्या. आणि ते खरं होतं. आठ वर्षं त्यांना कुठे जाण्यासाठी कोणाची वाट पाहायची सवयच राहिली नव्हती.

क्षमाबाईंचा डावा पाय तिसऱ्या वर्षीच पोलिओने गेला होता. पायाला लोखंडी कॅलिपर, हातात काठी. डॉक्टर झाल्या, दवाखाना थाटला, पण व्हिजिटला जायचं म्हणजे टांगा नाहीतर कोणाची तरी मोटार. साधी गाडी त्यांना चालवता येण्यासारखी नव्हती, कारण क्लच दाबायला डावा पाय लागतो. त्यांचे वडील, अण्णा, बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीत हेडक्लार्क होते. एकदा त्यांनी पेपरात परदेशी वकिलातीच्या जुन्या मोटारींच्या लिलावाची नोटीस वाचली. त्यात एक अमेरिकन गाडी ऑटोमॅटिक गिअरची होती. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. अण्णांनी रिटायर होताना मिळालेले पैसे त्या गाडीत घातले. नातेवाईक म्हणाले, गुप्त्यांचं डोकं फिरलं.

गाडी पिस्ता रंगाची, लांबलचक, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. मुलुंडच्या गल्लीत ती वळायला लागली की चाळीच्या गॅलरीत माणसं जमायची. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे बाई फूटपाथच्या बाजूला बसायच्या आणि गाडी जरा हळू झाली की खिडकीत कोणी ना कोणी यायचंच. "बाई, त्या पिवळ्या गोळ्या जेवणाआधी की नंतर?" बाई गाडी थांबवून उत्तर द्यायच्या.

अण्णांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. ते शेजारी बसायचे. रविवारी पवई, कधी जुहू, कधी चेंबूरला आत्याकडे. गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक, ज्यात तिचा स्क्रू न् स्क्रू काढायचा कसा ते होतं, त्याला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं. समुद्रावर बाई भेळ खायच्या आणि अण्णा गाडीत बसून ते पुस्तक वाचायचे. १९८१ मध्ये अण्णा गेले. त्यानंतर रविवारी गाडी क्वचितच निघायची.

त्या उलट्या फेरीनंतर बाईंनी तीन गॅरेजं पालथी घातली. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं. "मॅडम, ही गिअरची पेटी फेकून द्या. साधा गिअर टाकतो, क्लच लावून देतो. लोण्यासारखी पळेल."

"आणि चालवणार कोण?" बाई विचारायच्या. कॅलिपरकडे पाहिल्यावर समोरच्याला अडचण कळायची, पण दुसरा इलाज त्याच्याकडे नसायचा.

बाईंच्या दवाखान्यात शेवंती म्हणून एक बाई काम करायची. केसपेपर काढायचे, सुया उकळायच्या, रडणारी पोरं धरायची. मूळची मालवणकडची, राहायला भांडुपला. तिचा नवरा गुणाजी परळच्या एका मिलमध्ये वीस वर्षं फिटर होता. संप झाला, मिल बंद पडली, आणि शेवंती दवाखान्यात कामाला लागली. गुणाजी तिच्या भावाच्या, धाकूच्या, गॅरेजमध्ये जाऊ लागला.

"आमच्या ह्यांका एकदा दाखवा," शेवंती म्हणाली. "जमात की नाय ते माका ठाऊक नाय. पण मशीन बघितल्याशिवाय ते नाय म्हणूचे नाय."

भांडुपला आग्रा रोडच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये धाकूचं गॅरेज होतं. गाडी टो करून आणली तेव्हा धाकू कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "भावोजी, ही जागा खाणार अर्धी," तो म्हणाला. "साधा गिअर टाकूया आणि मोकळे होऊया."

गुणाजी पुढे आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. त्याने बॉनेट उघडलं, गिअरच्या तेलाची पट्टी बाहेर काढली, वास घेतला, तेल दोन बोटांत चोळलं. मग बाईंना विचारलं, "मागे बरोबर जाते?"

"मागे छान जाते."

"म्हणजे पेटी मेली नाय. पुढे नेणारं कायतरी आत घसरतंय." त्याने पट्टी पुसून परत आत घातली. "बाई, खोटं कशाला सांगू, मी ही पेटी आयुष्यात उघडलेली नाय. उघडली तर बंद करता येईल की नाय, तेही आज सांगता येणार नाय."

तीन गॅरेजांत फिरून आलेल्या क्षमाबाईंना, माहीत नाही म्हणणारा हा पहिला माणूस भेटला होता. त्यांनी मागच्या सीटवरून खाकी कव्हरचं पुस्तक काढून त्याच्यापुढे धरलं. गुणाजीने पानं उलटली. चित्रांवर त्याची बोटं थांबायची, अक्षरांवरून पुढे सरकायची.

"चित्र कळतंय," तो म्हणाला. "इंग्रजी कोण वाचणार?"

"मी वाचते," बाई म्हणाल्या. "रविवारी दवाखाना बंद असतो."

मग त्यांचे रविवार सुरू झाले. सकाळी नऊला बाई रिक्षाने भांडुपला यायच्या. धाकूने त्यांच्यासाठी एक लाकडी खुर्ची आणून ठेवली होती. त्या आधी मनात वाचायच्या, मग मराठीत सांगायच्या. गुणाजी ऐकायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "परत एकदा वाचा." दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. निघालेला प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुऊन तो जुन्या धोतराच्या कापडावर ओळीने मांडायचा, आणि शेजारी जमिनीवर खडूने आकडा लिहायचा. मिलमध्ये मशीन खोलताना असंच करायचे म्हणे. तिसऱ्या रविवारी आकडे एकशे बारापर्यंत गेले, आणि धाकू त्यांना वळसा घालून चालायला लागला.

मधूनच शेवंती घावणे आणि चहा घेऊन यायची. मग हात पुसून गुणाजी बोलायला लागायचा. "मागाचे साचे सुरू असले की बाजूच्या माणसाचं ऐकू यायचं नाय, बाई. आम्ही ओठांवरून बोलणं ओळखायचो. मी घरी आलो की हिच्या ओठांकडेच बघायचो. ही म्हणायची, असे काय बघता?" शेवंती पदर तोंडाला लावून हसायची. संपाबद्दल तो फारसं बोलत नसे. एकदाच म्हणाला, "पहिले सहा महिने हातांना काय करावं ते कळायचं नाय. घरातला प्रायमस रोज खोलून परत जोडायचो. चांगला चालत असलेला."

बाई अण्णांबद्दल सांगायच्या. त्यांनी या पुस्तकात ठिकठिकाणी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. एका ठिकाणी समासात लिहिलं होतं, 'हे क्षमाला समजावून सांगणे.' ते त्यांनी कधी समजावून सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यांना स्वतःलाच ते समजलं नसावं. त्या ओळीपाशी बाई जरा थांबल्या. गुणाजीने हातातला भाग पुन्हा एकदा धुवायला घेतला.

दोष सापडला तो असा. पेटीच्या आत एक पोलादी ड्रम होता आणि त्याच्याभोवती पट्टा. गाडी पुढे काढताना तेलाच्या दाबाने तो पट्टा ड्रमला आवळायचा. पट्ट्याच्या आतलं अस्तर झिजून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं, आणि दाब धरणारी रबरी सीलं वाळून कडक झाली होती. नवे भाग भारतात कुठेच मिळत नव्हते. सीलं गुणाजीने नागदेवी स्ट्रीटवर माप घेऊन घेऊन शोधली. अस्तरासाठी तो कुर्ल्याला एका म्हाताऱ्या लायनिंगवाल्याकडे गेला. तो मिलमधल्या साच्यांच्या ब्रेकची अस्तरं बसवायचा आणि गुणाजीला जुना ओळखत होता. "असला पट्टा मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला, पण त्याने तो केला.

जोडताना उलट क्रमाने आकडे पुसत आले. शेवटी बाहेरून एक स्क्रू आवळून पट्टा ड्रमवर बसवायचा होता. बाईंनी वाचलं, "अमुक इतका जोर येईपर्यंत आवळावा." गुणाजीने दोनदा ऐकून आवळला. बाईंनी पान उलटलं, तिथे पुढचा विषय सुरू झाला होता.

गाडी सुरू झाली. दांडा ओढला आणि ती पुढे सरकली. धाकूसुद्धा हसला. "झकास," तो म्हणाला. बाई चालवायला बसल्या, शेजारी गुणाजी, आणि गाडी घाटकोपरच्या दिशेने निघाली. कांजूरमार्गपर्यंत सगळं ठीक होतं. पण वेग वाढला की आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. विक्रोळीजवळ जळका वास आला. बाईंनी गाडी कडेला घेतली, आणि ती तिथून पुढे गेलीच नाही. गुणाजीने तेलाची पट्टी काढून पाहिली. नुकतंच भरलेलं लाल तेल काळं झालं होतं.

गाडी ओढत भांडुपला आणली तेव्हा गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं होती. धाकूचा तोल गेला. "सांगितलं होतं ना तुम्हाला भावोजी, ही मिलची मशीन नव्हे," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "महिनाभर शेड अडवून ठेवली. डॉक्टरीणबाईंच्या गाडीची वाट लावली आपण."

गुणाजी खाली मान घालून म्हणाला, "माझीच चूक झाली असणार."

दुसऱ्या दिवशी शेवंती दवाखान्यात आली, पण नेहमीसारखी बोलली नाही. बाईंनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "हे आज कामाक गेले नाय. घरीच बसलेत."

संध्याकाळी बाई घरी पुस्तक घेऊन बसल्या. त्यांना कारण हवं होतं. रोग्याचं जसं पहिल्यापासून तपासायचं, तसं त्या पहिल्या पानापासून वाचत गेल्या. त्या स्क्रूपाशी आल्यावर पान त्यांना जाड लागलं. तेलाच्या बोटांनी दोन पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी सुरीच्या पात्याने ती हळूच सोडवली. आतल्या पानावर पहिलीच ओळ होती: आवळून झाल्यावर स्क्रू बरोबर चार फेरे सैल सोडावा. ओळीखाली अण्णांची पेन्सिलीची रेघ होती.

क्षमाबाईंनी त्या पानात खूण घातली आणि पुस्तक मिटलं. वीस वर्षांच्या डॉक्टरकीत त्यांच्या हातून चुका झाल्याच नव्हत्या असं नाही. पण त्या चुकांसाठी दुसऱ्या कोणाला मान खाली घालावी लागली नव्हती.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच त्या रिक्षाने भांडुपला गेल्या. आधी शेवंतीच्या घरी जाऊन गुणाजीला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर." गॅरेजमध्ये धाकू होता, त्याची दोन गिऱ्हाइकं होती. बाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि पुस्तक उघडून धरलं.

"धाकू, ही चूक गुणाजींची नाही, माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझं एक पान वाचायचं राहिलं. स्क्रू आवळून परत चार फेरे सोडायचा होता. मी सांगितलंच नाही, म्हणून पट्टा जळला. परवा तुम्ही त्यांना जे बोललात, ते मला बोलायला हवं होतं."

धाकू गडबडला. "बाई, तसं काय नाय हो. गरम डोक्यात माणूस बोलून जातो." मग मेहुण्याकडे न बघता तो म्हणाला, "भावोजी, चहा सांगतो."

गुणाजी स्टुलावर बसला. मग म्हणाला, "बाई, चूक तुमची एकटीची नाय. स्क्रू आवळला तेव्हाच माझ्या हाताला कळलं होतं. पट्ट्याला जरा श्वास लागतो, ड्रम मोकळा फिरायला हवा. मिलच्या ब्रेकलाही आम्ही सैल सोडतोच. पण पुस्तकात नाय म्हटल्यावर मी गप्प बसलो. म्हटलं, इंग्रजीत लिहिलंय, शिकलेल्या माणसाने वाचलंय, आपण कोण बोलणार?"

"यापुढे बोलायचं," बाई म्हणाल्या. "मी वाचणार, आणि तुमचा हात काय म्हणतो ते तुम्ही सांगणार."

"बोलेन," गुणाजी म्हणाला.

पेटी पुन्हा खोलली. कुर्ल्याच्या म्हाताऱ्याने दुसरं अस्तर बसवून दिलं. या वेळी तीन रविवारांचं काम एकात झालं, कारण आकडे आता गुणाजीच्या हातात बसले होते. शेवटचा स्क्रू त्याने आवळला आणि मग मोठ्याने मोजत सोडला. एक, दोन, तीन, चार. मग ड्रमवर हात ठेवल्यासारखा तो पेटीवर तळवा ठेवून थांबला आणि म्हणाला, "आता बरोबर आसा."

त्या दिवशी बाईंनी शेवंतीलाही मागे बसवलं. एवढ्या मोठ्या सीटवर ती एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. गाडी मुलुंडला आली, पाच रस्ता ओलांडला, कॉलनीचा चढ लागला. गुणाजी डोळे मिटून ऐकत होता. चढाच्या मध्यावर गाडीने किंचित आचका दिला आणि आवाज मऊ झाला.

"गिअर बदलला," गुणाजी म्हणाला.

वरती डोंगराच्या पायथ्याशी बाईंनी गाडी थांबवली. तेव्हा तिथे इमारती नव्हत्या. करवंदीच्या जाळ्या होत्या, आणि पार खाली खाडीपर्यंत दिसायचं. शेवंतीने काच खाली केली, मग वर केली, मग पुन्हा खाली केली. थोड्या वेळाने शेवंतीच म्हणाली, "बाई, आता जुहूक जाऊया?" आणि ते तिघं खरंच जुहूला गेले. गुणाजीने आयुष्यात पहिल्यांदा गाडीतून उतरून समुद्र पाहिला. गावी तो होडीतूनच पाहिला होता.

त्यानंतर गुणाजीचं नाव झालं. अंधेरी, जुहू, कांदिवलीकडून जुन्या ऑटोमॅटिक गाड्या भांडुपच्या त्या शेडमध्ये यायला लागल्या. धाकूने शेजारचा गाळा घेतला. एखाद्या गाडीबरोबर पुस्तक आलं की गुणाजी दवाखान्यात निरोप धाडायचा, आणि बाई रविवारी हजर. हळूहळू तो स्वतःच इंग्रजी शब्द ओळखायला लागला. "बाई, हा सोडा म्हणतोय ना?" असं तो बोट ठेवून विचारायचा, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

पिस्ता गाडी आणखी पाच वर्षं चालली. पेटीने पुन्हा कधी त्रास दिला नाही. पण खाडीच्या हवेने खालचा पत्रा खाल्ला, आणि १९८९ च्या पावसाळ्यात मागच्या सीटखाली रस्ता दिसायला लागला. गुणाजीने खूप ठिगळं लावली. शेवटी त्यानेच सांगितलं, "बाई, आता नको. कधी तरी मधोमध मोडून बसेल."

तोवर नव्या छोट्या गाड्या सगळीकडे दिसायला लागल्या होत्या. बाईंनी एक घेतली. तिला क्लच होता. गुणाजीने महिनाभर खपून क्लचची तार वर ओढून घेतली आणि स्टिअरिंगजवळ एक हातदांडा बसवला, स्कूटरला असतो तसा. त्याची मूठ त्याने स्वतः शिसवी लाकडाची तासली होती.

एका रविवारी बंद पडलेल्या एका कारखान्याच्या पटांगणात तो बाईंना शिकवायला घेऊन गेला. बाईंनी तोपर्यंत गिअर कधी हाताने बदललेलाच नव्हता. गाडी गचके खायची, बंद पडायची. पन्नाशी उलटलेल्या बाई घामाघूम झाल्या. शेजारच्या सीटवर, पूर्वी अण्णा बसायचे तसा, गुणाजी शांत बसला होता.

"त्या गाडीत काही करावंच लागायचं नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं बसायचं आणि जायचं."

"ती सगळं स्वतः करायची," गुणाजी म्हणाला. "पण तीही आपण ते चार फेरे सैल सोडल्यावर." मग म्हणाला, "मलाही चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय, बाई. शेडमध्ये तिची जागा अजून कोणाला दिली नाय धाकूने."

बाईंनी हातदांडा पुन्हा दाबला, पहिला गिअर टाकला आणि मूठ हळूहळू सोडली. या खेपेला गाडी बंद पडली नाही. पटांगणाला एक फेरी झाली, मग दुसरी. फाटकाजवळ शेवंती डबा घेऊन उभी होती. तिच्यापाशी गाडी थांबवावी की आणखी एक फेरी मारावी, ते बाईंचं ठरेना. त्यांनी आणखी एक फेरी मारली.